कॅरिअरवर डबे बांधताना: रबरी दोरी, जाळी, ट्यूब आणि अखेर बकलची पट्टी

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. सायकलच्या कॅरिअरवर रोज पाच-सात किलोच्या वर ओझं न्यायचं असेल, तर हुकाच्या रबरी दोरीवर भिस्त ठेवू नका. इंचभर रुंदीची, न ताणणारी पट्टी आणि तिला दातांचं, दाबून धरणारं बकल, अशा दोन पट्ट्या करून घ्या. मला त्या पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास, ताडपत्री-दोरखंडाच्या एका दुकानात शिवून मिळाल्या. त्या पट्ट्या कशा आहेत, त्यांच्याआधी काय काय वापरलं आणि ते दुकान कसं आहे, ते सगळं खाली लिहिलंय.

मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते आणि दुपारच्या जेवणाचे डबे देते. गिऱ्हाईक बहुतेक कर्वेनगर, एरंडवणे आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधलं, थोडं नारायण पेठेतलं. काही हॉस्टेलच्या मुली आणि बरेचसे एकटे राहणारे आजी-आजोबा, ज्यांची मुलं परदेशी आहेत. एका खेपेला दहा डबे. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा भरला की दीड किलोच्या आसपास जातो. प्लॅस्टिकचा क्रेट धरून कॅरिअरवर सोळा-सतरा किलो होतात. वजन म्हणून हे फार नाही. सायकलवरून गॅसची टाकी आणणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे एका टाकीचेच तीस किलो. पण टाकीतून काही सांडत नाही. माझ्या क्रेटमध्ये आमटी असते, कढी असते. त्यात एका आजोबांचा डबा अळणी, एका काकूंचा बिनसाखरेचा. शेजारच्या डब्यातली आमटी झिरपून त्यांच्या भातात गेली तर दुपारी त्यांनी खायचं काय? दुसरं करून घालणारं घरात कोणी नसतं. म्हणून बांधायच्या साधनाबद्दल इतकं बारकाईनं लिहितेय.

कॅरिअरवरचं ओझं तीन तऱ्हांनी पळायला बघतं. गतिरोधकावर ते वर उडतं. ब्रेक दाबला की पुढे सरकतं. वळणावर किंवा खड्डा चुकवताना कडेला कलतं. सायकलचा ब्रेक करकचून दाबला तर ओझ्याच्या निम्म्या वजनाइतका जोर पुढच्या दिशेने लागू शकतो. सतरा किलोच्या क्रेटला म्हणजे आठ-साडेआठ किलोचा रेटा. कर्वे पुतळ्याकडून नळ स्टॉपला जाताना रस्ता उतरता आहे, सायकल आपोआप वेग घेते, आणि मेट्रोच्या खांबांपाशी एखादी रिक्षा आडवी घुसली की असाच ब्रेक लागतो. गल्लीत शिरावं तर पेव्हर ब्लॉक, वर आलेली ड्रेनेजची झाकणं, आणि सोसायट्यांनी आपापल्या फाटकापुढे घातलेले उंचच उंच गतिरोधक. कुठलीही बांधणी कशी आहे ते या गल्ल्यांत दहा मिनिटांत कळतं.

रबरी दोरीपासून सुरू करते, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. दोन टोकांना हुक, आत रबराचे धागे, वरून विणलेलं रंगीत कापड. जोडी शंभर-दीडशेला मिळते. लावायला सोपी, दिसायला घट्ट. क्रेट हाताने वर उचलून पाहिला की तिचं खरं रूप दिसतं: क्रेट उचलला जातो. रबराला ताण दिला की ते ओढतं हे खरं, पण ओझं उडालं की ते आणखी ताणलं जातं, म्हणजे क्रेटला उडायची मुभा मिळते, आणि मग तेच रबर त्याला खाली आपटतं. एका गतिरोधकावर डब्यांचा आवाज एकदा यायला हवा, तो दोन-तीनदा येतो. झाकणं सैल होतात ती या दुसऱ्या-तिसऱ्या आपटण्याने. मी ऑनलाइन मागवलेल्या जोडीतला एक हुक उन्हाळा संपायच्या आत उघडत जाऊन जवळजवळ सरळ झाला, आणि हुकावरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलून निघालं. उन्हात सतत ताणलेलं रबर चिरत जातं, ते वरच्या कापडामुळे दिसत नाही. दिसतं तेव्हा तुटलेलं असतं.

आणि डोळ्यांचं काय? हुक अडकवताना आपण त्याच्यावर वाकलेले असतो. ताणलेला हुक निसटला तर सरळ तोंडावर येतो. अशा दोऱ्यांच्या हुकांनी डोळ्यांना झालेल्या गंभीर इजा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. माझी भाची शनिवारी डबे पोचवायला मदत करते, तिच्या हातात मी आता ही दोरी देत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी निदान तोंड बाजूला ठेवून, हुक शेवटपर्यंत मुठीत धरून लावावा. सैल हुक चाकाच्या तारांत गेला तर काय होईल ते सांगायला नको.

रबरी जाळीबद्दल थोडक्यात. रेनकोट, पालेभाजीची पिशवी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा अशा हलक्या आणि वेड्यावाकड्या वस्तूंना ती उत्तम. मी क्रेटच्या वर टॉवेल उडू नये म्हणून अजूनही पसरते. ओझं पेलायचं काम तिचं नाही.

जुन्या ट्यूबबद्दल मात्र मला फार आदर आहे. पुण्यात दूधवाले, पाववाले, पेपरवाले वर्षानुवर्षं ट्यूबच्या पट्टीने बांधत आले, आणि त्यांना कळत नव्हतं असं कोणी समजू नये. पंक्चरच्या दुकानात फाटकी ट्यूब मागितली तर बहुतेकदा पैसेही घेत नाहीत. व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा, उरलेली उभी चिरायची, की लांबलचक पट्टी तयार. सायकलची ट्यूब बरेचदा ब्यूटाइल रबराची असते. हे रबर हवा निसटू देत नाही म्हणून ट्यूबला वापरतात, पण त्याचा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे: ते धक्का पिऊन टाकतं. ताणून सोडलं तर झटकन उसळत नाही, सावकाश परत येतं. त्यामुळे ट्यूबने बांधलेला क्रेट हुकाच्या दोरीने बांधलेल्या क्रेटइतका नाचत नाही. शिवाय रबराला रबर धरून ठेवतं, वेढे एकमेकांवरून घसरत नाहीत. हुक नाही, म्हणून डोळ्याची भीती कमी. एकदा बांधून थेट मुक्कामी सोडायचं असेल, तर खर्च न करता याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मला प्रत्येक फाटकापाशी सोडावं लागतं. ट्यूबची गाठ ताणाखाली इतकी बसते की नखं दुखतात, आणि हाताला लागलेला काळा रंग स्टीलच्या डब्याला आणि तिथून कोणाच्या तरी ओट्याला लागतो. अन्न देणाऱ्याच्या हाताला ते शोभत नाही.

दोरीने हा प्रश्न बराच सुटतो, गाठ येत असेल तर. ट्रकवर ताडपत्री आवळतात ती रीत शिकून घ्या, कुठल्याही टेम्पोवाल्याला विचारलंत तर दाखवेल. दोरी कॅरिअरच्या एका दांडीला बांधायची, ओझ्यावरून पलीकडे आणायची, मध्येच तिचा एक फासा करायचा, टोक दुसऱ्या दांडीखालून फिरवून त्या फाशातून ओवायचं आणि खाली खेचायचं. फासा कप्पीचं काम करतो, हाताच्या जोराहून जास्त ताण बसतो. वर सुरगाठ मारायची, म्हणजे एका झटक्यात सुटते. निरगाठ मारलीत तर पावसात बोटांनी सुटणार नाही. दोरी घेताना गुळगुळीत चकचकीत नायलॉन टाळा, गाठ घसरते आणि ओली झाली की दोरी लांबते. पण उन्हात उभं राहून दर थांब्याला फासा करायचा, ओढायचा, सुरगाठ मारायची, याला वेळ लागतो, आणि साडेबाराला जेवणाऱ्या आजोबांना वेळ लागलेला चालत नाही.

तर आता दुकान. जागा अगदी चिंचोळी, दारापर्यंत दोरखंडांची वेटोळी, वर ताडपत्र्यांच्या घड्या, आणि एका कोपऱ्यात जाड कापड शिवायचं मशीन. गल्ल्यावर साठीच्या पुढचे एक काका. मी म्हटलं, सायकलवर बांधायला काहीतरी मजबूत हवंय. त्यांनी काही दाखवायच्या आधी विचारलं, “ताई, वजन किती?” सांगितलं. मग म्हणाले, “आणि दिवसातून सोडणार किती वेळा?”

हा दुसरा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. सायकलच्या झगमगीत दुकानात तर नाहीच, तिथे मला किंमतीच्या क्रमाने वस्तू दाखवल्या गेल्या. काकांच्या पहिल्या प्रश्नावरून पट्टी ठरली, दुसऱ्यावरून बकल. दात असलेलं, खटका दाबला की सुटणारं, सोडलं की धरणारं हे बकल कॅम बकल म्हणूनही मिळतं. पट्टीचं टोक त्यातून ओवून खेचायचं. खेचाल तेवढं पुढे येतं, मागे जात नाही. सोडायला अंगठ्याने खटका दाबला की झालं. मी शेजारी टांगलेल्या करकर वाजणाऱ्या, खटक्याखटक्याने आवळायच्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं तर काका म्हणाले, “ते टेम्पोचं काम. तुमचा क्रेट चिरडून टाकेल.” महाग वस्तू विकण्याची संधी होती, त्यांनी ती घेतली नाही. दाबाच्या बकलात आपल्या हाताच्या ओढीइतकाच ताण बसतो, आणि प्लॅस्टिकच्या क्रेटला तेवढाच सोसतो.

पट्टी कशाची घ्यायची याचंही त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. तीन पट्ट्यांचे बोटभर तुकडे कापून पाण्याच्या तांब्यात टाकले. एक तरंगला, दोन दाबल्यावर बुडाले. तरंगला तो पॉलिप्रॉपिलीन, पाण्याहून हलका. स्वस्त असतो, पण साधा माल उन्हात लवकर ठिसूळ होतो. बुडालेल्यांत एक नायलॉन, एक पॉलिएस्टर. नायलॉन ताकदीचं, पण ते मुळात जास्त ताणलं जातं आणि पाणी पिऊन थोडं सैलावतं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाही आणि ताणतही कमी. पुण्याचा पावसाळा धरून मी पॉलिएस्टर घेतलं, २५ मिलिमीटर रुंद, जुन्या खाटेच्या नवारीसारखं घट्ट विणलेलं. त्याच बसणीत शिवून मिळालं. बकलाच्या टोकाला शिलाई साधी सरळ नाही. चौकोन आणि त्यात फुली, म्हणजे ओढ सगळ्या टाक्यांवर वाटली जाते. कापलेली टोकं त्यांनी ज्योतीवर धरून वितळवून दिली, उसवत नाहीत. दोन लांब पट्ट्या, एक आखूड, बकलं आणि शिलाई धरून साडेचारशेच्या आत काम झालं.

आता बांधते कशी, ते सांगते, कारण पट्टी कितीही चांगली असली तरी ती कुठून कुठे जाते यावर सगळं आहे. क्रेट मी कॅरिअरवर आडवा ठेवते, चाळीस सेंटिमीटरची बाजू रुंदीत. उभा ठेवला तर तो मागे लोंबतो, वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जातं आणि पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं. आडवा ठेवला तरी तो हँडलहून अरुंद आहे, म्हणजे हँडल जिथून जाईल तिथून क्रेट जाईल. पायडल मारताना टाच क्रेटला लागत नाही ना, हे एकदा चाक फिरवून बघायचं. क्रेटची पुढची बाजू सीटच्या नळीला टेकवायची, मध्ये ट्यूबचा तुकडा घालून. ब्रेक लागला की क्रेट पुढे जाणार कुठे? नळी त्याला अडवते, पट्टीवर तो भार येतच नाही. चढावर मागे सरकू नये म्हणून आखूड पट्टी क्रेटच्या पुढच्या भोकातून सीटच्या नळीभोवती. उरलेल्या दोन लांब पट्ट्या कॅरिअरच्या बाहेरच्या दोन्ही दांड्यांखालून, क्रेटच्या कडेच्या भोकांतून वर, डब्यांवरून पलीकडे. दोन्हींमध्ये वीतभर अंतर. मडगार्डच्या तारेला, ब्रेकच्या वायरला, मागच्या दिव्याला पट्टी लागू द्यायची नाही. क्रेटच्या खाली ट्यूब चिरून सपाट पसरलेली आहे, कारण प्लॅस्टिक आणि रंगवलेलं लोखंड एकमेकांवरून फार सहज घसरतं. आवळून झालं की पट्टीचं उरलेलं शेपूट गुंडाळून पट्टीखालीच खोचायचं. लोंबतं ठेवलं तर ते चाकात जाणार, आज नाही तर उद्या.

मग क्रेटला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचं. क्रेटबरोबर सगळी सायकल हलली तर बांधणी बरोबर. क्रेट हलला आणि सायकल जागची उभी राहिली, तर सोडा आणि पुन्हा बांधा. रबरी दोरीने ही परीक्षा मला कधीच पार करता आली नाही, बकलच्या पट्टीने पहिल्या दिवशी झाली. फरक आवाजातही कळतो. आता गतिरोधकावर एकच ठोका येतो.

क्रेटच्या आतली मोकळी जागा हा वेगळा विषय आहे, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर वरची पट्टी कितीही आवळा, उपयोग नाही. डबे आतल्या आत एकमेकांवर आपटतात, कड्या सुटतात. मी डब्यांच्या मध्ये जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घट्ट कोंबते. साडीच का, तर ती दाबली जाते, सांडलेलं टिपते आणि रोज धुता येते. आमटीचा कप्पा डब्यात सगळ्यात खाली. डबे कमी असतील त्या दिवशी मोकळ्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उभ्या करते, वजन दोन्ही बाजूंना सारखं राहतं. कपडा बसला की पट्टी किंचित सैल होते, म्हणून पहिल्या थांब्याला उतरल्यावर एकदा ओढून घ्यायची.

खुद्द कॅरिअरबद्दल चार शब्द. माझी सायकल जुन्या घाटाची लेडीज आहे, लोखंडी कॅरिअरचे पाय मागच्या आसाच्या नटांखाली अडकवलेले. हे कॅरिअर मजबूत, पण त्यावरच्या स्प्रिंगच्या चापावर ओझ्यासाठी विसंबू नका. चाप वर्तमानपत्र आणि छत्री धरायला आहे. अलीकडच्या अॅल्युमिनियमच्या कॅरिअरवर बहुधा २५ किलोचा आकडा असतो आणि तो पाळायचा असतो. ते फ्रेमला बारीक पाच मिलिमीटरच्या बोल्टांनी लागतं, आणि सगळं ओझं शेवटी त्या दोन-चार बोल्टांवर असतं. खडबडीत रस्त्याने ते ढिले होतात. आत नायलॉनची कडी असलेले नट लावून घ्या, आणि आठवड्यातून एकदा पाना फिरवून बघा. सीटच्या नळीला नुसतं पकडून उभं राहणारं कॅरिअरही मिळतं. त्याला खालून आधार नसतो, दहा किलोच्या आसपासच त्याची मर्यादा असते आणि ओझं कललं की ते नळीभोवती फिरतं. डब्यांसाठी ते बादच. भाचीच्या गिअरच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. तिथे कॅरिअरचा पाय ब्रेकच्या पकडीला अडतो, त्यामुळे डिस्कसाठी बाहेर काढलेल्या पायाचं कॅरिअर शोधावं लागलं. घ्यायच्या आधी सायकल दुकानात घेऊन जा, फोटोवरून ठरवू नका.

आणखी एक, स्टँडचं. ओझं चढवताना मागचं चाक उचलून धरणारा जुन्या पद्धतीचा जोड स्टँड हवा. एका पायाच्या स्टँडवर सतरा किलो चढवले की सायकल कलते, पेव्हर ब्लॉकच्या फटीत पाय रुतला तर आडवीच होते. मागच्या चाकात हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याच्या जवळपास ठेवावी. मागे ओझं असताना थांबायला अंतर जास्त लागतं, पुढच्या गाडीपासून लांब राहावं. ओढणी किंवा साडी असेल तर चाकाला जाळी बसवून घ्यावीच.

पट्ट्यांच्या तक्रारी आहेत, त्याही लिहिते. बकलाच्या दातांत धूळ आणि साडीचे तंतू अडकतात, मग खटका पुरता बसत नाही. जुन्या टूथब्रशने साफ केलं की पूर्ववत होतो, पण हे कोणी सांगत नाही. दात रोज त्याच जागी चावल्यामुळे तिथलं विणकाम केसाळ होऊ लागलंय, म्हणून मी पट्ट्यांचा ताण अधूनमधून थोडा पुढेमागे ठेवते. बकल क्रेटच्या कोपऱ्यावर आलं तर खटका आपोआप दाबला जाऊ शकतो, ते नेहमी सपाट बाजूवरच हवं. आणि कोणीही येऊन एका सेकंदात सोडू शकतं. मी जिन्यात जाते तेव्हा सायकल वॉचमनच्या नजरेसमोर लावते. पावसात मात्र पट्ट्यांनी निराश केलं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, नारायण पेठेतले डबे म्हात्रे पुलावरून लांबच्या वाटेने न्यावे लागतात, आणि त्या भिजलेल्या फेऱ्यांतही पट्टी सैल झालेली मला आढळली नाही. पाऊस आत जाऊ नये म्हणून क्रेटवर प्लॅस्टिक टाकते, तेही पट्टीखालून. वरून नुसतं झाकलं तर वारा भरतो.

दुकानाच्याही दोन अडचणी. गर्दीच्या वेळी काका घाऊक गिऱ्हाइकात गुंततात, एका पट्टीवाल्याला ताटकळावं लागतं. मी सकाळी दुकान उघडताना गेले होते. आणि गाडी लावायला तिथे जागा मिळणं कठीण, सायकलनेच जावं.

जाताना क्रेट उचलून नेऊ नका, मापं न्या: क्रेटची रुंदी, डबे ठेवल्यावरची उंची आणि कॅरिअरच्या दोन बाहेरच्या दांड्यांमधलं अंतर. पट्टी क्रेटला एक पूर्ण वेढा घालून वर वीतभर उरायला हवी, माझ्या मापाला ती पावणेदोन मीटर लागली. शिलाईआधी काका विचारतील, बकल कुठल्या बाजूला हवं. ओझं सोडताना तुम्ही सायकलच्या डावीकडे उभे राहता की उजवीकडे, आणि कुठला हात मोकळा असतो, ते घरीच बघून जा.